एकच दिवा ठेवा

विजेचा भाव एका पैशानेही वाढणार नाही, असं ऊर्जामंत्री प्रत्येक सभेत ठणकावून सांगत होते आणि सभा टाळ्या वाजवत होत्या. इकडे जुनी यंत्रं बदलायला वीज मंडळाकडे दमडी नव्हती, तारा लोंबत होत्या, आणि स्वस्तातली वीज उधळताना कुणाचाच हात आखडत नव्हता. शेवटी व्हायचं तेच झालं. ऐन उन्हाळ्यात एका दुपारी एक मोठी लाइन तुटली, तिचा भार दुसरीवर गेला, तीही बसली, मग तिसरी. बघता बघता सगळा प्रांत ठप्प झाला.

नियंत्रण कक्षाच्या प्रमुख बाईंनी बाह्या सरसावल्या. धरणावरचं जनित्र चालू करवून त्यांनी वीज कशीबशी शहराच्या वेशीपर्यंत आणली आणि जुन्या वस्तीची लाइन जोडली. त्याबरोबर जनित्राचा वेग दाखवणारा भिंतीवरचा काटा असा धाडकन घसरला, की जनित्राने मान टाकली. दुसऱ्यांदा केलं, तरी तेच.

तेवढ्यात रुग्णालयाचा फोन आला. पलीकडे बाईंची नणंद होती, नवजात बाळांच्या कक्षाची मुख्य परिचारिका.

"वहिनी, जनरेटरचं डिझेल तळाला गेलंय. पंपावर माणूस पाठवला, तर पंपही विजेवरच चालतो म्हणे! काचेच्या पेट्यांतली बाळं यंत्रावर श्वास घेताहेत हो. फक्त रुग्णालयाला द्या ना वीज!"

"वन्सं, तुमची लाइन वेगळी असती तर कधीच दिली असती."

वेगळी लाइन मंजूर होती. भाव गोठले आणि ती कागदावरच राहिली. आता रुग्णालय हवं तर अख्खी जुनी वस्ती सोबत घ्यावी लागणार होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण रागावर जनित्र चालत नाही.

"एवढा भार येतो कुठून?" शेजारच्या टेबलावरचे काका डोकं खाजवत म्हणाले.

बाईंना एकदम आपलं घर आठवलं. वीज गेली की सासूबाई येता-जाता प्रत्येक बटण दाबून बघायच्या, आली का म्हणून. आणि दाबलेलं बटण तसंच सोडायच्या! घरोघरी हीच तऱ्हा. पंखे, एसी, पाण्याच्या मोटारी, इस्त्र्या, सगळे आ वासून बसलेले. वीज आली रे आली, की सगळे एकदम तुटून पडत होते.

"काका, लोकांना बटणं बंद करायला सांगायचं!"

"कसं सांगणार? मोबाइल बंद, टीव्ही बंद. दवंडी पिटायची का?"

खाली फाटकाशी गाड्या थांबल्या. मंत्रिमहाशय प्रचाराच्या लवाजम्यासह जातीने आले होते.

"बाई, संध्याकाळी माझी सभा आहे. मैदानाला आधी वीज द्या."

बाईंचं लक्ष खिडकीबाहेर, गाड्यांच्या टपांवर होतं. बॅटरीवर चालणारे भोंगे!

"साहेब, सभा राहू द्या. भोंगे द्या आणि आवाजही तुमचाच द्या. लोकांना सांगा, सगळी बटणं बंद करा, एकच दिवा ठेवा."

"बंद करा? मी सांगू?" मंत्र्यांना घामच फुटला. "मतदान तोंडावर आलंय! महिनाभर मी सांगतोय, मनसोक्त वापरा म्हणून."

"तुमचा आवाज पोराटोरांनाही ओळखू येतो. म्हणून तुम्हीच हवे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तसं यांना सांगा," म्हणत बाईंनी रुग्णालयाचा नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

वन्संनी मंत्री म्हणून काडीचीही भीड ठेवली नसावी. मंत्री दोनदा "हो ताई" म्हणाले, फोन ठेवला आणि मुकाट्याने जिना उतरले.

थोड्याच वेळात गल्लीतून आवाज आला. "मतदार बंधू-भगिनींनो, बटणं बंद करा! एकच दिवा ठेवा! रुग्णालयातल्या बाळांसाठी!"

"साहेब, तब्येत बरी आहे ना?" एका गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. सगळी गल्ली खो खो हसली. पण हसता हसता लोक घरात पळाले. बायका खिडकीतून शेजारणींना हाका मारू लागल्या, "अहो, मोटार बंद केलीत का?" दुकानदार फ्रिजच्या पिना उपटू लागले. ज्याला त्याला दुसऱ्याचं बटण बघायची घाई झाली.

भोंगे वस्तीच्या पार टोकाला पोचले, तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, जोडा."

काटा घसरला. आणखी घसरला. मग काटा थबकला, थरथरला आणि हळूहळू वर चढू लागला. काकांनी टेबलावर अशी थाप मारली, की चहाचा कप उलटला.

मंत्री परतले तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता. "मतं गेली बहुधा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण बाई, लोकांनी ऐकलं हो!"

"मग भावाचंही खरं काय ते सांगून टाका. तेही ऐकतील."

मंत्री काही बोलणार, तोच फोन वाजला.

"वहिनी, जनरेटर बंद केला! ऐका!"

आधीच्या फोनमध्ये मागे नुसती जनरेटरची घरघर होती. आता पलीकडे बाळं रडत होती, जोरजोरात, घसा फोडून.

"सगळी आहेत ना, वन्सं?"

"सगळी!"

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्यांनी ती पुसलीही नाही. रिसीव्हर कानाशी तसाच धरून त्या म्हणाल्या, "काका, पुढची लाइन घ्या."