भिंगाखालचा चोर

मित्रांनो, साकीनाक्याच्या एका गाळ्यात टेबलाला स्क्रूने घट्ट बसवलेला मी एक जुना दिवा आहे. माझ्या मधोमध भिंग आहे आणि भोवती गोल ट्यूब. माझ्याखालून कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे पितळी पीस जातात. प्रत्येकाला आरपार बारीक भोक हवे. ते बुजलेले राहिले आणि शिट्टीही अडकली, तर वाफ कोंडते आणि कुकर फुटतो. काम तसे सोपे, नुसते बघायचे. पण नुसते बघणे किती अवघड असते, ते मला विचारा.

एकोणीस वर्षे माझ्यापुढे सुनंदाताई बसल्या. त्यांच्या हातून खराब पीस कधी पुढे गेला नाही, आणि त्याचे थोडे श्रेय मीही घेत असे. खरे श्रेय राजाराम फोरमनचे. दर अर्ध्या तासाने ते सुनंदाताईंना पॅकिंगला धाडत आणि पॅकिंगची शकु माझ्यापुढे येई. शिवाय रोज एक बुजलेला पीस, तळाला लाल ठिपका लावून, ते गुपचूप मालात सोडत. त्याला सगळे चोर म्हणत. चोर पकडला की राजाराम कटिंग चहा पाजत.

राजाराम निवृत्त झाले आणि निलेश आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. अदलाबदलीत वेळ फुकट जातो म्हणून त्याने ती बंद केली. चोर तेवढा ठेवला. रोज चोर सापडतोय म्हणजे लक्ष आहे, अशी त्याची समजूत.

मी मात्र सुनंदाताईंचे डोळे वीतभरावरून बघत होतो. पहिला अर्धा तास ते पिसावरून फिरत. मग थांबत. पापण्या उघड्या, हात चालू, पण नजर कुठेच नाही. चोर सापडला की त्यांचे खांदे सैल पडत. आजचे काम झाले असे मनाला वाटे आणि उरलेला दिवस नुसता सरकत राही. हा आळस नव्हता. एकसारखे बघत राहिले की मन न सांगता उठून जाते.

एका मंगळवारी चोर अकरालाच सापडला. पाऊण वाजता एक पीस आला, त्यातून माझा उजेड पलीकडे गेलाच नाही. मला जीव तोडून ओरडायचे होते, पण दिव्याला तोंड कुठले? लुकलुकून खूण करावी, तर नेमका त्याच महिन्यात माझा चोक नवा बसवलेला, लुकलुकणेच बंद झालेले. सुनंदाताईंनी तो पीस उचलला, फिरवला आणि चांगल्या मालात ठेवला.

तीन महिन्यांनी तक्रार आली. कुकर फुटून कुणाचा तरी हात भाजला होता. निलेशने परत आलेला पीस माझ्याखाली ठेवला. मी त्याला लगेच ओळखले.

"ताई, चोर तर रोज पकडत होतात ना तुम्ही? मग हा कसा गेला?"

"मी बघत होते रे. डोळे उघडेच होते माझे," सुनंदाताई म्हणाल्या. मग हळूच त्यांनी विचारले, "हात कुणाचा भाजला?"

ते निलेशला ठाऊक नव्हते. त्याने त्यांना घरी बसवले. त्या खरे बोलत होत्या, हे एकट्या मला माहीत होते, आणि मला कोणी विचारले नाही. त्याचे दुःख मला अजून आहे.

आता तेजल बसते. निलेशने रोजचे चोर दोन केले आहेत. आज साडेदहापर्यंत दोन्ही सापडले. आता सव्वाबारा झालेत. तिचे खांदे सैल पडलेत, हात चालूच आहे. मित्रांनो, माझी काच नाही पुसली तरी चालेल. पण तुमच्यापैकी कोणी या गाळ्यावरून जात असेल, तर दारातून तिला चहाला हाक मारा.