आठ दिवस पाऊस शून्य

२००९च्या मार्चात कोंडीबाची शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडली होती. अजून आठ दिवस लागणार होते. तेवढ्यात भिजली तर रंग गेला, म्हणजे वर्ष गेलं.

त्याचा मुलगा धम्मानंद कळमनुरीला दस्तलेखक दत्तोपंतांकडे खरेदीखतं टाइप करायचा. तिथल्या इंटरनेटवर त्याला एक परदेशी साइट सापडली. गावाचे अक्षांश-रेखांश पाठवले की आठ दिवसांचं हवामान आकड्यांत परत यायचं. त्यातला फक्त पाऊस उचलणारा प्रोग्राम त्यानं लिहिला. तापमान गाळलं. मार्चात ऊन असतंच, ते कॉम्प्युटरला काय विचारायचं?

उत्तर आलं: आठ दिवस पाऊस शून्य.

त्यानं घरी फोन लावला. कोंडीबाला आभाळ सकाळपासून पटत नव्हतं.

"बराबर बघितलं का, धम्मा?"

"व्हय बाबा. दोनदा."

मग कोंडीबानं घरातली एकुलती ताडपत्री शेजारच्या जळबाला देऊन टाकली. जळबाच्या घरात कॉम्प्युटर शिकलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे त्याला पावसाची भीती होती.

तिसऱ्या दिवशी गारांसकट पाऊस आला. जळबाची हळद कोरडी राहिली.

धम्मानंदनं गाळलेलं तापमान काढून पाहिलं. उणे सतरा.

खरेदीखतात जमिनीच्या चतुःसीमा पूर्वेपासून लिहितात. चार वर्षांत त्याच्या हाताला आधी पूर्व टाइप करायची सवय लागली होती. साइटला आधी उत्तरेचा आकडा, म्हणजे अक्षांश, हवा होता. त्यामुळे त्यानं उत्तर ध्रुवाजवळच्या एका समुद्राचं हवामान घरी कळवलं होतं. तिथं पाऊस नव्हता, हे खरंच होतं. बर्फ पडत होता. बर्फाचा रकाना वेगळा होता.

आकडे उलटे करून त्यानं प्रोग्राम पुन्हा चालवला. आजच्या तारखेला गारांसह पाऊस, असं बिनचूक उत्तर आलं.

घरी गेला तर माय, पद्माबाई, ओली हळद पाट्यांत भरत होती. खळ्यावरून पिवळं पाणी वाहत होतं. त्यानं सगळं सांगितलं.

"तिथं कोण राहतं?" कोंडीबानं विचारलं.

"कोणीच न्हाई, बाबा."

"मंग तिथलं काहून बघून ठेवतेत?"

धम्मानंद मायकडे वळला. "आता दुरुस्त केलंय. उद्या कडक ऊन हाय. आत नेऊ नको, कुजंल."

"बरं," पद्माबाई म्हणाली आणि पाटी घेऊन आत गेली.

सकाळी कडक ऊन पडलं. कोंडीबा खळ्यावर उभा राहून बराच वेळ चारी बाजूंचं आभाळ बघत राहिला. धम्मानंद शेजारीच उभा होता.

"काढा बाहेर," कोंडीबा अखेर म्हणाला. "धम्मा, तू पाट्या उचल."