कचऱ्याच्या डब्यातली गाणी

रंभाबाईचा गळा म्हणजे साऱ्या इंदोरा वस्तीची शान! भीमजयंतीला तिच्या गाण्याशिवाय माणसं जागची उठायची नाहीत. मागच्या साली घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. उरली फक्त सून मेघानं त्याआधी आपल्या मोबाईलवर भरून ठेवलेली गाणी. रंभाबाई ती रोज चहासोबत घरच्या कॉम्प्युटरवर ऐकायची.

आता त्या कॉम्प्युटरवरून घरात रोजची कटकट. मुलगा सुशील लिनक्सवाला, मेघा विंडोजवाली.

"तुह्या विंडोजले अपडेटशिवाय दुसरं काम हाय का वं?"

"अन् तुमच्या लिनक्सवर आपला प्रिंटर तरी चालते का?"

मेघा आपलं सगळं क्लाऊडवर ठेवायची, त्यावरूनही सुशील तिला चिडवायचा, "सोताचं सामान लोकाच्या घरी ठेवून राहिली!"

एका रविवारी मेघा माहेरी नरखेडला गेली आणि गड्यानं डाव साधला. सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले, विंडोज पुसून लिनक्स टाकलं आणि छाती फुगवून आईला दाखवलं. रंभाबाईनं बोट ठेवलं ते थेट कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर. डबा रिकामा!

बाई गाणी ऐकायला तिथून बाहेर काढायची आणि ऐकून झाली की परत तिथंच टाकायची. शेजारची पोरं गेम खेळायला येतात, सगळं चिवडतात. कचऱ्याले कोण हात लावते, असा तिचा साधा हिशेब. आता बोला! सुशीलनं सगळं वाचवलं, कचरा तेवढा सोडला.

"कचऱ्यात काहून ठेवलं वं माय?" तो रडकुंडीला आला. रंभाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्या दिवशी ती जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मेघा आली. ऐकून तिनं कपाळाला हात लावला आणि त्याच लिनक्सवर आपलं क्लाऊडचं खातं उघडलं. तिचा तो जुना मोबाईल कधीच बिघडला होता, पण त्यावरचं सगळं तिथं आपोआप चढलेलं होतं.

"विंडोज असो का लिनक्स, याले काय फरक पडते?" म्हणत तिनं बटण दाबलं, आणि रंभाबाईचा खणखणीत आवाज घरभर झाला. रेकॉर्डिंगमधली रंभाबाई मधेच गाणं थांबवून कोणाला तरी दटावत होती, "अबे, ढोलकी हळू वाजव ना!"

रंभाबाई रडता रडता हसली. सुशील मुकाट्यानं चहा ठेवायला गेला.

बाईला सुनेला केवढं सांगायचं होतं! पोरी, माही गाणी तू सांभाळली, तुह्ये उपकार कसे फेडू? ओठ हलले, पण शब्द कुठला निघतो? मग तिनं मेघाच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. तेवढा आवाज तिच्याकडं अजून होता.