काही न करण्याचे काम चालू आहे

दिनानाथ खांबेटे यांनी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत फॉर्मातला एकही रकाना कोरा सोडला नव्हता. जिथे लिहिण्यासारखं काही नसे तिथे ते 'निरंक' लिहीत, आणि तेही असं वळणदार की साहेबलोकांनाही आपल्याकडे काही नसल्याचा अभिमान वाटावा. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत ते अव्वल कारकून होते. नवीन वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. बाल्कनीतून खाडी दिसे आणि खाडीच्या अलीकडे दिवाळे गावच्या कोळ्यांची खाजण. भरतीला पाण्यात जाणारी, ओहोटीला चिखल होणारी, तिवराच्या झाडांनी गच्च भरलेली चाळीस एकर जमीन. दिनानाथांनी दोन वर्षांत तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. बाल्कनीत ते कपडे वाळत घालायला जात.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत मासळीवाली मालतीबाई दारात आली. पाटी खाली ठेवून तिने मासळीखालून एक ओला कागद काढला.

"वैनी, आज बोंबील नंतर. तुमचे सायेब घरात हायत काय?"

मीनाताईंनी नवऱ्याला हाक मारली. दिनानाथांनी कागद बोटांच्या टोकांनी धरून गॅलरीच्या उजेडात वाचला. खाडीकाठ भूवापर कार्यालयाची नोटीस होती. गावालगतची खाजण कुणाच्याही उपयोगात नसल्यामुळे ती भराव टाकून ट्रक उभे करण्यासाठी घेण्यात येईल. कुणी तिचा उपयोग करत असल्यास तीस दिवसांत सोबतचा फॉर्म भरून द्यावा.

"सोपं आहे," दिनानाथ म्हणाले. फॉर्म पाहून त्यांचा चेहरा उजळला होता. "तुम्ही तिथे काय करता ते लिहायचं. मासे धरता?"

"नाय. तिथं कोन जालं टाकत नाय."

"लाकूड तोडता?"

"तिवराला कोयता लावत नाय आमी."

"गुरं चारता? मीठ पिकवता?"

"नाय ओ."

"मग तिथे करता काय?"

"काय नाय करत," मालतीबाई म्हणाली. "मासली तिथं अंडी घालते, कोलंबी तिथं मोठी व्हते. म्हनून आमी काय करत नाय. माज्या सासूच्या सासूनं पन काय केलं नाय. आमी काय केलं असतं तर तुमाला आज बोंबील कुटून भेटला असता?"

दिनानाथ खुर्चीवर बसले. नवव्या रकान्यात 'जमिनीचा सध्याचा उपयोग' असं छापलं होतं. पुढे शेती, मिठागर, गुरचरण, वस्ती आणि शेवटी 'इतर, तपशील द्यावा'. 'राखण' लिहावं असं आधी त्यांच्या मनात आलं. पण मग राखणदाराच्या नेमणुकीचा हुकूम मागतील. 'निरंक' लिहिलं तर उद्याच ट्रक येतील. बराच वेळ पेन हवेत धरून त्यांनी शेवटी 'इतर'वर खूण केली आणि समोर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'काही न करणे'.

अर्ज द्यायला ते स्वतः गेले. सोबत मालतीबाई, तिचा दीर पंढरी आणि गावातली सगळ्यात जुनी यशोदाबाई. खिडकीवरच्या कारकुनाने नववा रकाना वाचला. तो हसला नाही.

"काही न करणे," तो म्हणाला. "कोण करतं? व्यक्ती की संस्था?"

"सगळं गाव करतं," दिनानाथ म्हणाले.

"गावाला सही करता येत नाही. न्यास नोंदवा, सात विश्वस्त घ्या. आणि बारा वर्षं अखंड काही केलं नाही याला साक्षीदार लागेल."

यशोदाबाई पुढे झाली. "मी सून म्हनून आले तवापासनं तिथं काय केलं नाय. साठ वरसं झाली."

"पुरावा?"

"नाय केल्याचा काय पुरावा असतो? तिवरं हायत ना अजून. जाऊन बघ."

कारकुनाने 'साक्ष घेतली' असा शिक्का मारला.

न्यास स्थापन झाला. सहा विश्वस्त दिवाळ्याचे आणि सातवे, हातात पेन धरता येतं म्हणून, दिनानाथ. घटना त्यांनी तीन संध्याकाळ बसून लिहिली. पहिला उद्देश: सदर जागेत काहीही न करणे. दुसरा: इतरांस काही करू न देणे. तिसरा: ही विद्या पुढील पिढ्यांस शिकवणे. चिटणीसपदीही तेच निवडून आले. मीनाताईंनी ऐकून पोळी तव्यावर उलटली. "घरात इतकी वर्षं करताय तेच," त्या म्हणाल्या. "तिथे निदान पद मिळालं."

महिनाभराने तपासणीला नंदकिशोर देवस्थळी नावाचे निरीक्षक आले. चाळिशीचे, पॉलिश केलेले बूट, काखेत फाईल. बांधावर उभं राहून त्यांनी खाजणीवरून नजर फिरवली. चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या. दूरवर बगळे उभे होते.

"इथे तर कुणीच नाही," देवस्थळी म्हणाले.

"बरोबर," दिनानाथ म्हणाले.

"मग काही न करण्याचं काम कोण करतंय?"

"सगळं गाव. आपापल्या घरी राहून."

देवस्थळींनी मान हलवली. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. "खांबेटे, तुम्ही सरकारी माणूस आहात. घरी बसून केलेलं इथे कसं धरू? मी पण आत्ता इथे विमानतळ बांधत नाहीये. म्हणून ही जागा माझी झाली का? जागेवर हजर राहून काही न करायला हवं. रोज, दहा ते पाच. हजेरीपुस्तक ठेवा. मी तीनदा येईन, न सांगता. दोन शेरे खराब पडले तर चालतील. तिसरा पडला तर दावा संपला."

गावात बैठक झाली आणि एकमताने पंढरीचं नाव पुढे आलं. होडी विकल्यापासून सहा वर्षं पंढरीने काडी इकडची तिकडे केली नव्हती. ओट्यावर पाय पसरून बसलेला पंढरी दाखवून गावातल्या आया मुलांना अभ्यासाला बसवत. त्याच्या आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कुणी काही कामाचा समजलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, पावणेदहालाच बांधावर हजर झाला.

आणि तिथेच घात झाला. कामावर आहोत म्हटल्यावर पंढरीला स्वस्थ बसवेना. चौथ्या दिवशी देवस्थळी आले तेव्हा तो मांडीवर जाळं घेऊन शिवत होता. शेरा पडला: 'मत्स्यव्यवसाय'. दिनानाथांनी त्याला समजावलं. पुढच्या आठवड्यात त्याने नुसतं बसायला बरं पडावं म्हणून चार दगड रचले, त्यावर फळी टाकली आणि वर झावळ्यांची सावली केली. देवस्थळींनी पट्टी लावून मोजमाप घेतलं. शेरा: 'बांधकाम, विनापरवाना'.

त्या संध्याकाळी पंढरी दिनानाथांच्या जिन्यात बसून राहिला. घरात यायला तयार होईना.

"घरात काय नाय केलं तर मालतीवैनी शिव्या देते," तो म्हणाला. "तिथं काय केलं तर सायेब लिवून घेतो. दादा, हात आपोआप चालतात. सहा वरसं गप पडले व्हते, आताच त्यांना काय झालंय?"

दिनानाथांना त्याची दया आली. शिवाय भीतीही वाटली, कारण ट्रकांचा कंत्राटदार गावाच्या नाक्यावर दगडमातीचे ढीग टाकून बसला होता. रात्रभर विचार करून त्यांनी सकाळी किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. 'रजेचे कारण' हा रकाना आला. त्यांनी आयुष्यात खोटं कारण लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'काही न करण्यासाठी.' त्यांच्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि मंजूर केला. म्हणाले, "या खात्यात पहिल्यांदाच कुणी खरं कारण दिलंय."

दिनानाथ पंढरीशेजारी बांधावर जाऊन बसले. सावली मोडून टाकलेली होती.

पहिला तास ते बगळे मोजत होते. तेहतीसपर्यंत आले आणि मोजणं म्हणजे काहीतरी करणं आहे हे लक्षात येऊन दचकून थांबले. मग कचेरीतली अडकलेली प्रकरणं डोक्यात आली. तीही त्यांनी एकेक करून परत पाठवली. चिखलातून एक खेकडा वर आला. त्याची एक नांगी दुसरीच्या चौपट मोठी होती. ती उचलून त्याने हवेत हलवली, कुणीच लक्ष देत नाही असं पाहून खाली घेतली आणि पुन्हा हलवली. दिनानाथांना हसू आलं. आपण हसलो, हे मोजायचं की नाही, असा प्रश्न त्यांना पडला. तेवढ्यात पंढरीने त्यांचा उजवा हात धरला. हाताची बोटं मांडीवर आपोआप काहीतरी लिहीत होती. पंढरीने तो हात हळूच उचलून बांधाच्या गार मातीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माझे पन कालपर्यंत असंच करत व्हते."

दुपारपर्यंत हात शांत झाला. पाणी चढू लागलं. तिवराच्या मुळांभोवती आधी ओल आली, मग चकाकी आली, मग पाणी. बोटभर मासे मुळांमधून आत शिरले. सारं इतक्या सावकाश चाललं होतं की कुठल्याही एका क्षणी काही घडत नव्हतं, आणि तासाभराने सगळंच बदललेलं होतं. दिनानाथांना वाटलं, ही खाजण आपल्या बाल्कनीतून दोन वर्षं दिसत होती आणि आपण तिच्याकडे पाठ करून शर्टाला चिमटे लावत होतो. वाईट वाटलं. मग तेही गेलं.

अडीच वाजता देवस्थळी तिसऱ्यांदा आले.

"काय करताय?" त्यांनी विचारलं.

दिनानाथांनी उत्तर दिलं नाही. उत्तर देणं हे काहीतरी झालं असतं. पंढरीही बोलला नाही. देवस्थळींनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि वाट पाहिली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेवटी ते परत जायला वळले, तर बांधाचा सखल भाग पाण्याखाली गेला होता. त्यांनी बुटांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. बूट काढून बाजूला ठेवले आणि त्या दोघांच्या शेजारी, फाईल मांडीवर घेऊन, बसले. थोड्या वेळाने फाईलही खाली ठेवली.

तिघे तसेच बसून राहिले. एक खंड्या येऊन फाईलवर बसला, समोरच्या पाण्यात सूर मारून गेला, पुन्हा आला. देवस्थळींनी त्याला हाकललं नाही. पाणी उतरून बांध मोकळा व्हायला सूर्य पार मावळतीला आला. तेव्हा ते उठले, मोजे खिशात घातले आणि बूट हातात घेऊन निघून गेले. जाताना घड्याळ पाहायचं राहिलं.

आठवड्याने अहवाल आला. दिनानाथांनी तो गावाच्या चौकात मोठ्याने वाचला: 'निरीक्षणाच्या वेळी जागेवर तीन इसम काही न करताना आढळले. त्यांपैकी एक प्रस्तुत निरीक्षक होय. सदर उपयोग अखंड, मनःपूर्वक व जागेस अनुरूप असल्याची खात्री पटली. दावा मान्य करावा.'

दावा मान्य झाला. ट्रकांना डोंगरालगतची कोरडी जागा मिळाली. कार्यालयाने आपल्या खर्चाने बांधावर पिवळा फलक लावला: 'येथे काही न करण्याचे काम चालू आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

पुढच्या मार्चमध्ये पत्र आलं. कार्यालयाच्या सर्व उपयोगांत दरसाल दहा टक्के वाढ अपेक्षित होती; न्यासाने काही न करण्यात किती प्रगती केली, ते कळवावं. विश्वस्त घाबरले. काही न करणं वाढवायचं कसं? शेवटी मालतीबाईने सुचवलं, "पल्याडचं मिठागर बंद पडलंय. तिथं पन काय नको करू या." त्यांनी चार एकरांत आणखी काही न करायला घेतलं. वाढ मंजूर झाली. मग दर मार्चला पत्र येत गेलं आणि दर मार्चला न्यास पुढे सरकत गेला. ज्या मिठागरात गवताची काडी उगवत नव्हती तिथे तीन पावसाळ्यांत गुडघाभर तिवर उभं राहिलं. त्या वर्षी खाडीत कोलंबी इतकी आली की मालतीबाईने मीनाताईंच्या ओंजळीत मूठभर जास्तच टाकली.

काम वाढलं तशी पंढरीला मदत लागली. गावात बाऱ्या ठरल्या, आणि पहिल्याच बैठकीत बायकांनी हरकत घेतली. हजेरीपुस्तकात सगळी नावं पुरुषांची होती. "काय न करायला तुमीच काय म्हनून?" मालतीबाईने विचारलं. "तुमाला सराव हाय, आमाला गरज हाय." ठराव मंजूर झाला. रविवार बायकांचा.

दिनानाथांनी घरी सांगितलं तेव्हा मीनाताई म्हणाल्या, "मीही येते. बघू तरी काय असतं ते." रविवारी जाताना त्यांनी पिशवीत मेथीची जुडी घेतली, बसल्या बसल्या निवडता येईल म्हणून. बांधावर बसून त्यांनी पदरात जुडी सोडली तोच पंढरी पुढे आला. आता तो या कामातला जाणकार होता.

"वैनी, भाजी बाजूला."

"अरे, नुसती बसून काय करू?"

"तेच," पंढरी म्हणाला आणि जुडी उचलून घेऊन गेला.

मीनाताईंनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. दिवसाउजेडी हे दोन हात असे एकत्र, मांडीवर, काही न धरता त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्या अवघडून बसल्या. एकदा पदर नीट केला, एकदा घरच्या कुकरची आठवण झाली. मग समोर पाणी चढू लागलं.

पाच वाजता दिनानाथ बांधाच्या टोकाशी येऊन उभे राहिले. कोरडी वाट आक्रसत चालली होती.

"मीना, निघायचं ना? पाच वाजून गेले."

मीनाताईंनी वळून पाहिलं नाही. शेजारी बसलेल्या मालतीबाईने मात्र हात वर केला.

"दादा, जरा गप ऱ्हावा," ती हळू आवाजात म्हणाली. "वैनीची बारी अजून संपली नाय."