नैनाचा इंटरव्ह्यू

अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या ऑफिसात नैनाचा इंटरव्ह्यू सुरू झाला आणि थोड्याच वेळात तो फसतोय, हे शंतनूच्या लक्षात आलं. इंटरव्ह्यू त्याच्याच टीमसाठी होता.

नैनाला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. ओठांवरून तिला बरंच कळे, पण सगळं नाही. म्हणून बोललेलं लगेच स्क्रीनवर टाइप करून दाखवणारा माणूस हवा, असं तिने आधीच कळवलं होतं. एचआरने हो म्हटलं आणि पुढे कोणीच काही केलं नाही. शंतनूचा डायरेक्टर मनोहर सकाळी म्हणाला होता, "चालवून घेऊ."

आता तोच मनोहर बोर्डावर आकृती काढत, तिच्याकडे पाठ करून प्रश्न विचारत होता.

"प्लीज, माझ्याकडे वळून बोला," नैना दोनदा म्हणाली. मग तिने पेन खाली ठेवलं आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

मनोहरने ब्रेक घेतला. कॉरिडॉरमध्ये येताच तो मराठीवर आला. "हुशार आहे रे. पण क्लायंट कॉलवर काय करणार? फीडबॅकमध्ये कम्युनिकेशन वीक, असं टाक आणि मोकळा हो."

"तिला प्रश्नच कळला नाही, मनोहर. उत्तर कुठून देणार?"

"तुझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर माझी सही लागते, शंतनू. उगाच हिरो होऊ नकोस, यार." तो हसला, पण शंतनूच्या खांद्यावरचा हात त्याने काढला नाही.

शंतनूला घरचं सगळं आठवलं. बायको रुचा, नुकतंच घेतलेलं घर, मुलीची शाळा. तो आत जाऊन नैनासमोर बसला.

"चूक आमची आहे," तो सावकाश म्हणाला. "मी प्रश्न टाइप करतो. आपण पुढे जाऊ."

"नको. मी मागितलं होतं ते द्या आणि मला पुन्हा बोलवा. आणि आज इथे काय झालं, ते तुम्ही एचआरला सांगा."

टाइप करून भागेल, असं त्याला वाटलं होतं. दारात मनोहर येऊन उभा होता.

"सांगतो," शंतनू म्हणाला. "आत्ताच जातो."

मनोहर दारातून हलला नाही. शंतनू अंग चोरून त्याच्या बाजूने बाहेर पडला.

पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू पुन्हा झाला, दुसऱ्या डायरेक्टरपुढे आणि टाइप करणाऱ्या माणसासह. नैनाला नोकरी मिळाली. मनोहर मात्र आता शंतनूशी फक्त इंग्रजीत बोलतो. सही अजून झालेली नाही.