मूळव्याध नव्हती ती

२०१९ साली गुढियारीत राहणारी माझी धाकटी बहीण गोदू रक्त पडतं म्हणून मूळव्याधीचं औषध घेत होती. तपासणीत गुदद्वाराचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बहुतेकदा हा एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो, वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. किरणांचा शेक आणि औषधं, या उपचारांनी बऱ्या व्हाल."

गोदू माझ्या कानात पुटपुटली, "हे माझ्याबद्दल काय समजतील? मले नाही घ्यायचे उपचार."

तिचे यजमान मारोतराव शेजारीच होते, त्यांनी ते ऐकलं. "काहून लाजून राहिली? मीच देला असंन तुले! चल, शेक घ्यायले."

"अहो, बाईंसमोर काय बोलता!" म्हणत गोदू उठली.

शेक आणि औषधांनी ती बरी झाली. अजून भाजीवाल्याशी भांडते. मारोतराव मागच्या वर्षी झोपेतच गेले. त्यांच्या नातीनं, मंजिरीनं, यंदा एचपीव्हीची लस घेतली आणि दुखरा दंड दिवसभर मिरवला.