उंबरठ्याची उंची

फ्योन वारा सुटला की आमच्या ग्लारुसचे डोंगर जवळ येतात. एरवी ग्लेर्निश आपला दूर, ढगांत मान घालून बसलेला असतो. पण दक्षिणेकडची शिखरं ओलांडून ते गरम, कोरडं वारं खाली दरीत उतरलं, की आकाश काचेसारखं स्वच्छ होतं आणि वाटतं, खिडकीतून हात लांबवला तर बोटांना बर्फ लागेल. अशा दिवशी माणसांची डोकी दुखतात, गाई दूध चोरतात, जुनी भांडणं वर येतात. आणि अशा दिवशी आमच्या शहरात कुणीही चूल पेटवत नाही.

हा नियम आगीनंतरचा. त्र्याहत्तर वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, अशाच वाऱ्यात शहराला आग लागली आणि सकाळपर्यंत दोन तृतीयांश शहर राख झालं. तेव्हापासून फ्योन वाहू लागला की नागरिकांचा पहारा निघतो. हातावर पट्टी बांधलेले पहारेकरी घरोघर जाऊन चुलींवर हात ठेवून बघतात. मी शाळेत भूगोल शिकवतो, तरी गेली नऊ वर्षं आमच्या पेठेतली बेचाळीस स्वयंपाकघरं माझ्याकडे आहेत.

त्या एप्रिलमध्ये, वसंताच्या सुट्टीत, वारा तिसऱ्या दिवशीही पडला नव्हता. दुपारी जेवणाच्या सुमारास मी श्ट्राइफांच्या घरी गेलो. सूनबाई डोरोथेआ टेबलावर पाव कापत होती. शेजारी लोण्यात कालवलेलं आमच्याकडचं हिरवं चीज होतं. फ्योनच्या दिवसांत सगळं शहर तेच खातं.

"या मास्तर," ती म्हणाली. "घाला चुलीत हात. अगदी कोपरापर्यंत घाला. तीन दिवस थंड कॉफी पिऊन माझं पोट सुद्धा त्या चुलीसारखंच झालंय."

मी हात ठेवला. लोखंड गार होतं.

"आणि सासूबाईंना जरा समजवा तुम्ही," आवाज खाली आणून ती म्हणाली. "सकाळपासून टोपी घालून बसल्यात. मास्तर येणार, मास्तर नेणार. अहो, कुठे नेणार? त्या पंपापाशी पुन्हा? मागच्या वर्षी तासभर वाऱ्यात उभ्या राहिल्या आणि दोन आठवडे खोकत होत्या. निस्तरलं कुणी? मी."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हे वेड तिच्या सासूबाईंना, रेगुलाआजींना, होतंच, पण त्याला खतपाणी मी घातलं होतं.

आग लागली तेव्हा रेगुलाआजी नऊ वर्षांच्या होत्या. ज्वाळा वरच्या आळीत दिसू लागल्या तेव्हा आईनं त्यांना दाराच्या उंबरठ्यावर उभं केलं आणि सांगितलं, "मी गाय सोडून येते. तोवर इथून हलायचं नाही." एवढं सांगून ती मागच्या गोठ्यात गेली. रस्त्यानं माणसांचा लोंढा आला, कुणीतरी ओरडलं, आणि मुलगी लोंढ्याबरोबर नदीकडे पळाली. आई परत आली तर उंबरठ्यावर कुणी नाही. मुलगी घाबरून घरात लपली असेल असं समजून ती जळत्या घरात शिरली. जगली, पण दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पुढे तीस वर्षं त्या हातांनी तिनं रेगुलाच्या वेण्या घातल्या, बटाटे सोलले, नातवंडं खेळवली. त्या दिवसाबद्दल एक शब्दही कधी विचारला नाही.

"विचारायला हवं होतं तिनं," आजींनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. "का हललीस म्हणून एक थोबाडीत मारायला हवी होती. मग सुटले असते मी."

त्यांना एकच हवं होतं. त्या उंबरठ्याच्या जागी एकदा जाऊन उभं राहायचं. पण शहर नव्यानं बांधताना आमच्या पूर्वजांनी जुन्या वाकड्या गल्ल्या पुसून चौकटीच्या वहीसारखे सरळ रस्ते आखले. जुनी खूण म्हणून उरलं ते फक्त शहराच्या कडेच्या टेकाडावरचं छोटं चॅपेल. आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पुढचा वसंत दिसेल याची खात्री डॉक्टर देत नव्हते.

मी जुना नकाशा नव्या नकाशावर ठेवून मोजमापं केली होती. जागा निघाली ती शाळेच्या भिंतीला लागून, पाण्याच्या पंपापाशी. सलग दोन वसंत मी त्यांना तिथे नेलं. दोन्ही वेळा त्या चॅपेलकडे बघत राहिल्या आणि मान हलवली.

"नाही मास्तर. इथून दात दिसत नाही."

दात म्हणजे बर्फाचा एक पांढरा सुळका. त्यांच्या दारातून चॅपेलच्या छपराच्या डावीकडे, क्रुसाला चिकटून, तो दिसायचा. आई त्याला मांजरीचा दात म्हणायची. मी मनाशी म्हटलं होतं, नऊ वर्षांच्या मुलीची आठवण. सुळका दुसरीकडून पाहिला असेल. नकाशावर माझा अधिक विश्वास होता.

त्या दुपारी आजी खरोखरच टोपी घालून, काळी शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या. "आज डोंगर इतके जवळ आलेत," त्या म्हणाल्या, "की माझ्यासारख्या आंधळीलाही दिसतायत. आज नाही तर कधी?"

मी खाली बसलो. सांगायचं ठरवलं होतं की जागा पंपाचीच आहे, आणखी शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याऐवजी, का कोण जाणे, विचारलं, "आजी, नदीवरून पाणी घेऊन तुम्ही घरी यायचात, तेव्हा दमायला व्हायचं का?"

"दमायला? अहो, जीव जायचा! आमची आळी म्हणजे नुसती चढण. हिवाळ्यात आम्ही दारातून जे घसरत सुटायचो ते थेट खाटकाच्या दुकानात."

बाहेर वारा छपराच्या पट्ट्या हलवत होता. दरवर्षी चौथीच्या मुलांना मी शिकवतो: आगीनंतर शहराच्या मध्यभागी असलेली टेकडी खणून सपाट केली आणि त्या मातीनं खालचे रस्ते भरून काढले. मुलं ते वाक्य पाठ करतात. मीही ते पाठच केलेलं होतं. दोन्ही नकाशे कागदाचे, दोन्ही सपाट. एकावर एक ठेवले तेव्हा मधली टेकडी माझ्या ध्यानातही आली नव्हती.

"आजी," मी म्हटलं, "तुमचा उंबरठा जमिनीवर नाही. वर आहे."

"वर म्हणजे स्वर्गात?" आतून डोरोथेआ म्हणाली. "मास्तर, तुम्हालाही वारा लागला वाटतं."

"स्वर्गात नाही. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर."

शाळा माझ्याच पेठेत होती, तिच्या भट्ट्या तपासणं माझ्याच कामात होतं. डोरोथेआ बडबडत राहिली, तरी तिनंच आजींच्या गळ्याशी शाल नीट खोचली. "खोकला आला तर तुमच्या दारात आणून सोडीन हं मास्तर," ती म्हणाली, आणि दार धरून उभी राहिली.

रस्ता रिकामा होता. उन्हात एक विचित्र पिवळा नितळपणा होता. घरांच्या सावल्या कात्रीनं कापल्यासारख्या दिसत होत्या. कोपऱ्यावर पहाऱ्याचा प्रमुख बाल्झ ट्रुम्पी भेटला. तोंडात न पेटवलेला पाइप, डोळे लाल.

"कुठे चालली वरात?"

"शाळेची भट्टी बघायला."

"आणि आजीबाई काय, भट्टी फुंकणार?"

"तुझ्या पाइपात ठिणगी नाही ना, बघू आधी," आजी म्हणाल्या. "तुझ्या आजोबांचीही अशीच सवय होती."

बाल्झनं पाइप काढून उलटा करून दाखवला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमची एकोणीस घरं राहिलीत मास्तर. वारा वाढतोय. पाच वाजायच्या आत मला सगळ्या चुलींचा हिशोब हवा."

जिने चढायला आम्हाला अर्धा तास लागला. पहिल्या मजल्यावर आजी कठड्याला धरून थांबल्या. दुसऱ्यावर बसल्या. मी म्हटलं, इथूनच परत जाऊ. त्यांनी माझा हात इतक्या जोरानं दाबला, की मी त्यांना उठवून पुढचा जिना धरला.

तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग माझाच. बाकं, खडूची धूळ, भिंतीवर आल्प्सचा नकाशा. मी पश्चिमेकडची खिडकी उघडली. वारा आत आला, नकाशा फडफडला. चॅपेलचं छप्पर आता खाली सरकल्यासारखं दिसत होतं, आणि क्रुसाच्या डावीकडे, छपराच्या रेषेवर, एक पांढरा टोकदार सुळका उभा होता. नऊ वर्षं मी तो रोज पाहत होतो. मुलांकडून त्याची उंची मीटरमध्ये लिहून घेत होतो.

आजी खिडकीपाशी गेल्या, जरा उजवीकडे सरकल्या, मग अर्धं पाऊल मागे. सुळका क्रुसाला चिकटला असावा, कारण त्या थांबल्या. तळव्यांनी फरशी चाचपावी तसे त्यांनी बूट दोनदा आपटले.

खालून बाल्झची शिट्टी ऐकू आली. माझी एकोणीस घरं राहिली होती.

"तुम्ही जा," त्या मागे न बघता म्हणाल्या.

"एकट्या कशा राहाल? खुर्ची देतो, बसा निदान."

"बसायचं नाहीये मला."

मी गेलो. उरलेल्या एकोणीस चुलींवर हात ठेवला. एका घरात कोळसा राखेखाली उबदार होता. म्हातारा म्हणाला, फक्त दाढीचं पाणी तापवलं. मी पाणी ओतून कोळसा विझवला, रागावलो नाही, फक्त वेळ गेला. सारा वेळ माझ्या डोळ्यांसमोर खिडकीतली ती टोपी होती. दोनदा पळत रस्त्याच्या टोकाला जाऊन मी वर पाहिलं. टोपी होती, तिथेच.

पाच वाजता मी जिने चढून वर गेलो तेव्हा सूर्य ग्लेर्निशच्या मागे गेला होता आणि शहर नेहमीप्रमाणे लवकर सावलीत पडलं होतं. सुळक्यावर मात्र ऊन होतं. आजी त्याच जागी उभ्या होत्या. दोन्ही हात शालीत. अडीच तास झाले होते.

"आजी, चला आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा रडलेला नव्हता. लांबच्या प्रवासानंतर माणूस दिसतो तसा दिसत होता.

"एवढा वेळ लागतो गाय सोडून यायला," त्या म्हणाल्या. "दावं ओलं असतं, गाठ सुटत नाही. गाय बिथरलेली. मला तेव्हा वाटलं होतं, ती विसरली मला."

मी हात पुढे केला. तो धरून त्या दाराकडे वळल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना त्यांनी घागरा किंचित उचलला, चिखलाच्या चढणीवरून उतरताना बायका उचलतात तसा.

"इथे खोगीरवाला राहायचा," त्या म्हणाल्या. पुढच्या वळणावर कठड्याला हात लावून म्हणाल्या, "हा हौद. आणि जपून हं मास्तर, इथून पुढे निसरडं आहे."

मी जपून पाऊल टाकलं.